मामा तलाव खरंच जुना आहे का, हे कसं तपासायचं: आधी कागद, मग पाळ, मासे शेवटी

साकोली, लाखांदूर, अर्जुनी-मोरगाव, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातून मला जे फोटो येतात ते साधारण दोन प्रकारचे असतात. एकात कमळांवर मावळता सूर्य असतो. दुसऱ्यात बारा किलोचा कतला उचलून धरलेला माणूस असतो. खाली लिहिलेलं असतं, ‘आमचा तलाव गोंडकालीन आहे, वारसा म्हणून नोंद कशी करायची?’ या दोन्ही फोटोंवरून तलावाचं वय कळत नाही. कतला तर त्या तलावातली सगळ्यात नवी वस्तू असते, बहुधा तीन-चार वर्षांपूर्वी बोटुकली (बोटभर पिल्लू) म्हणून सोडलेली.

हा लेख पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांसाठी, म्हणजेच मामा तलावांसाठी आहे. मालगुजार म्हणजे इंग्रजी काळात गावाचा सारा भरणारा जमीनमालक. (माजीचा ‘मा’ आणि मालगुजारीचा ‘मा’. कुणाच्या मामाचा यात संबंध नाही. हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून लिहितोय.) भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. गावकरी, ढिवर (मासेमार समाज) संस्थेचे सभासद, शिक्षक, जैवविविधता समितीचे लोक यांनी आपल्या गावचा तलाव स्वतः तपासावा, एवढाच हेतू आहे.

तपासायच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायच्या. पहिली वय: तलाव कधीचा, कुणी बांधला, काय काय बदललं. दुसरी स्वभाव: पाणी कुठून येतं, कसं उतरतं, कुठले मासे टिकतात, कोण कशासाठी वापरतं. जुन्या तलावाचा स्वभाव पार बिघडलेला असू शकतो, आणि पन्नास वर्षांच्या तलावाचा स्वभाव उत्तम असू शकतो. बहुतेक अहवालांत या दोन्हींची खिचडी झालेली असते.

## तयारी: तीन फेऱ्या, एक वही

एका दिवसात तलाव कळत नाही. किमान तीन फेऱ्या धरा.

मे महिन्यात पहिली, पाणी सगळ्यात कमी असताना. तळ, जुनी दगडी बांधणी, गाळाची जाडी तेव्हाच दिसते. दुसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत. तिसरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, धान कापणीच्या सुमारास, तलाव भरलेला आणि पक्षी उतरलेले असताना.

सोबत तीस मीटरचा टेप, फुटाफुटाच्या खुणा केलेला लांब बांबू, फोनमध्ये जीपीएस आणि एक वही. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन उभे भाग पाडा: ‘पाहिलं’, ‘वाचलं’, ‘ऐकलं’. ऐकलेली गोष्ट ‘पाहिलं’च्या रकान्यात गेली की पुढचं सगळं वाया.

सावधान: पाळ (तलावाचा मातीचा बांध) उकरू नका. खापराचा तुकडा मिळाला म्हणून त्यावरून वयही काढू नका. पाळीची माती आजूबाजूनं आणलेली असते, तिच्यातलं खापर तलावाच्या आधीचं असू शकतं.

## टप्पा १: कागद आधी

लोक इथेच चुकतात. थेट पाळीवर जातात, एखादं म्हातारं माणूस गाठतात आणि पहिल्याच वाक्यात ‘आमच्या आजा-पणजाच्या काळचा’ असं उत्तर घेऊन येतात. मग कागद त्या उत्तराला जुळवायला बघतात. उलट करा.

सुरुवात क्रमांकापासून. तलावाचा आजचा गट नंबर सातबाऱ्यावर मिळेल, पण जुन्या कागदांत तो नंबर नाही. तिथे खसरा नंबर आहे. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर नंबर बदलले, म्हणून जुना खसरा आणि नवा गट यांचा ताळमेळ भूमी अभिलेख कार्यालयातून आधी करून घ्या. हे न करता गट नंबर घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेलेला माणूस ‘आमच्या तलावाची नोंदच नाही’ म्हणत परत येतो.

दुसरी अडचण जिल्ह्याची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून. त्यामुळे त्याआधीचं दप्तर नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालं नाही, तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा. त्याहून मागे, मध्य प्रांताच्या काळातलं काही हवं असेल तर नागपूरचं पुराभिलेखागार.

कागद या क्रमानं काढा, नव्याकडून जुन्याकडे:

1. निस्तार पत्रक. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाला कुठल्या पाण्यावर, चराईवर, लाकडावर काय हक्क आहेत ते निस्तार पत्रकात उतरलं. गुरांना पाणी, आंघोळ-धुणं, मासे, शिंगाडा, गाळ, असं काय काय लिहिलंय ते शब्दशः उतरवून घ्या.
2. अधिकार अभिलेख, १९५४-५५. तलावाचं क्षेत्र, खसरा, कुणाच्या नावे. एका तलावाचे तीन-चार खसरे असू शकतात. पाळ वेगळी, बुडीत वेगळं. सगळ्यांची बेरीज करा.
3. बंदोबस्ताची (जमीन मोजून सारा ठरवण्याची) मिसल, म्हणजे दप्तर, आणि नकाशा. मध्य प्रांतातला पहिला मोठा बंदोबस्त १८६० च्या दशकात झाला, पुढे आणखी झाले. बंदोबस्ताच्या नकाशात तलावाचा आकार आणि पाळीची रेघ दाखवलेली असते.
4. वाजिब-उल-अर्ज. गावच्या वहिवाटीची नोंद. मालगुजारानं काय द्यायचं, रयतेनं काय करायचं, पाणी कुणाला आधी, मासे कुणाचे, हे इथे सापडतं. वयापेक्षा स्वभाव सांगणारा हा सगळ्यात मोलाचा कागद आणि नेमका तोच कुणी मागत नाही.

या जुन्या कागदांची भाषा हिंदी-उर्दू वळणाची आहे. ‘तालाब’, ‘आबपाशी’, ‘मौजा’ असे शब्द येतील. ‘तलाव’ शोधत पानं चाळली तर हाती काही लागणार नाही.

भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटिअरही पाहा, पण मोठ्या तलावांपुरतंच. नवेगाव बांधाबद्दल कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला ही परंपरा गॅझेटिअरांतून आली आहे, आणि त्यांनाच देव मानलेल्या कोलासुराचं ठाणंही तिथे आहे. तुमच्या गावच्या वीस हेक्टरच्या तलावासाठी गॅझेटिअरमध्ये ओळही नसेल. त्यानं काही सिद्ध होत नाही.

तपासा: तलाव दिसणारा सगळ्यात जुना नकाशा कोणत्या वर्षाचा, हे एका ओळीत लिहिता येतंय का? येत असेल तर ‘किमान इतका जुना’ हे ठरलं. त्यापेक्षा मागचं सगळं अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच लिहायचा.

## टप्पा २: पाळ चालून पाहा

मे महिन्यात, सकाळी सहाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आधी वरून, मग पाण्याच्या बाजूनं, मग शेताच्या बाजूनं. तीन वेळा.

जुनी पाळ सरळ नसते. तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजाच्या मंडळींनी उतार पाहून टेकडीपासून टेकडीपर्यंत माती घातली, त्यामुळे पाळ वळत जाते, मध्येच कोपरा करते. सरळ रेघेत, एकसारख्या उतारानं गेलेली पाळ दिसली तर ती मोजणी करून घातलेली आहे. निदान तेवढा भाग नंतरचा आहे.

मग झाडं. जुन्या पाळीवर मोह, आंबा, जांभूळ, अर्जुन उभे असतात. मुळांनी पाळ फुटते म्हणून अभियंते नव्या पाळीवर झाड ठेवत नाहीत, त्यामुळे पाळीवर ओळीनं मोठी झाडं असणं ही चांगली खूण आहे. पण खूणच.

मी स्वतः इथे तोंडावर आपटलो आहे. एका गावात पाळीवरचा पिंपळ पाहिला, तिघांच्या कवेत न मावणारा, आणि ग्रामसभेत छातीठोकपणे सांगितलं की तलाव किमान दोनशे वर्षांचा. मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. म्हणाले, ‘‘तुमी म्हंता त्या तलावाची माती म्या सोता वाह्यली जी. रोजगार हमीत.’’ सभा हसली. पिंपळ आणि वड झपाट्यानं वाढतात, पाणी मिळालं की आणखीच, आणि शिवाय तो पिंपळ तलावाच्या आधीपासून तिथल्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) असणार. तेव्हापासून मी झाडाच्या घेरावरून वर्षं काढत नाही. मोहासारखं सावकाश वाढणारं झाड पाळीच्या मातीतच उगवलेलं आहे का, बुंध्याभोवती नंतर माती चढवली आहे का, एवढंच बघतो. घेर छातीच्या उंचीवर मोजून वहीत लिहितो, पुढचं वनस्पती जाणणाऱ्यावर सोडतो.

पाण्याच्या बाजूचे दगड बघा. जुन्या पाळीचे दगड घडवलेले नसतात, जवळच्या टेकडीचे, हातानं बसवलेले असतात. एकसारख्या मापाचे फोडलेले दगड म्हणजे अलीकडची दुरुस्ती. दुरुस्ती असणं हा दोष नव्हे. कुठून कुठपर्यंत ती आहे, हे पावलांनी मोजून नोंदवा.

पाळीवर ठाणी असतात. मातामाय, भिवसन, कधी नुसता शेंदूर लावलेला दगड. कुठल्या टोकाला, तोंड कुठे, पूजा कधी, कोण करतं, हे लिहा. वय ठरवायला त्याचा फारसा उपयोग नाही, स्वभाव कळायला मात्र आहे.

सावधान: सिमेंटचा कठडा, पायऱ्या आणि पेव्हर ब्लॉक पाहून तलाव नवा ठरवू नका. सुशोभीकरणाच्या खाली जुनी पाळ असू शकते. शेताच्या बाजूनं उतरून बघा, तिकडे कुणी सुशोभीकरण करत नाही.

## टप्पा ३: तुडुम, सांडवा आणि खालची शेतं

मामा तलाव ओलितासाठी बांधलेला आहे, मासे नंतर. म्हणून पाणी बाहेर कसं जातं हे सापडलं नाही, तर तपासणी अर्धवट आहे.

तुडुम म्हणजे पाणी सोडायची जागा. जुन्या पद्धतीच्या तुडुमात पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधणी असते, वर-खाली वेगवेगळ्या उंचीवर भोकं, आणि भोकांना लाकडी खुंटे. पाणी उतरेल तसा खालचा खुंटा काढायचा. अनेक ठिकाणी आता चाकाचं लोखंडी दार बसवलंय. मे महिन्यात त्याच्या आसपास जुन्या दगडांची ओळ दिसते का पाहा. बहुतेकदा जुनं तुडुम बुजवून शेजारी नवं दार केलेलं असतं.

पाझर तलाव आणि मामा तलाव यांची गल्लत इथेच सुटते. पाझर तलाव पाणी जिरवायला असतो, त्याला तुडुम नाही आणि खाली पाटानं भिजणारी बांध्यांची (धानाच्या शेतांची) रांग नाही. तुडुमापासून निघालेला पाट चालत जा, शेवटच्या बांधीपर्यंत. किती शेतं भिजायची आणि आज किती भिजतात, हे दोन आकडे शेतकऱ्यांकडून घ्या.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची जागा, पाहायला दुसरी फेरी, पावसातली. सांडव्याचं पाणी कुठे जातं? जुन्या तलावांची साखळी असते: वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्या बोडीत (छोट्या तळ्यात), तिथून पुढच्या गावच्या तलावात. ही साखळी जुन्या नकाशावर पेन्सिलीनं जोडा. रस्ता, कालवा किंवा प्लॉट पडून ती कुठे तुटली ते लगेच दिसतं.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघायची आहे. पहिल्या जोरदार पावसात, अंधार पडताना, सांडव्याच्या खालच्या बाजूला बॅटरी घेऊन उभे राहा. गढूळ पाण्याच्या पातळ थरात काहीतरी चमकतं, थांबतं, पुन्हा उसळी घेतं. चढणीचे मासे. नाल्यातून तलावाकडे निघालेले. सांडवा उतरता आणि खडबडीत असेल तर ते दगडादगडाच्या आधारानं वर जातात. सांडवा वाढवून उभी सिमेंटची भिंत केली असेल तर ते भिंतीच्या पायथ्याशी गोळा होतात आणि तिथेच घमेल्यानं उचलले जातात. सांडव्याची उंची आणि उतार मोजा. तलावाच्या स्वभावात झालेला सगळ्यात मोठा बदल पुष्कळदा या एका भिंतीमुळे झालेला असतो, आणि अहवालात तो ‘सांडवा दुरुस्त, स्थिती चांगली’ असा लिहिलेला असतो!

तपासा: तुडुम, सांडवा, येणारा नाला आणि पाट, चारही जागांचे जीपीएस बिंदू वहीत आहेत का? एखादा सापडत नसेल तर ‘सापडला नाही’ असं लिहा. रिकामी जागा सोडू नका.

## टप्पा ४: पाणी, वनस्पती आणि मासे

आता मासे. आधी का नाही, ते सांगतो.

रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज सोडावं लागतं. संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण करवण्याची पद्धत हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी यशस्वी केली, आणि नंतरच मत्स्यबीज केंद्रांतून मुबलक जिरे (अगदी लहान पिल्लं) आणि बोटुकली मिळू लागली. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) हे तर भारतातच १९५९ मध्ये आणले गेले. सायप्रिनसची (कॉमन कार्प) आज तळ्यांत दिसणारी जातही पन्नाशीच्या दशकातली. तेव्हा जाळ्यात काय आलं यावरून तलावाचं वय सांगणं म्हणजे अंगणात उभ्या गाडीवरून वाड्याचं वय सांगणं. मोठ्या कतल्यावरून तर नाहीच. चांगल्या पाण्यात तो पहिल्याच वर्षात किलोभर होतो.

माशांवरून कळतो तो स्वभाव. त्यासाठी दोन याद्या करा. पहिली सोडलेल्या माशांची, ढिवर संस्थेच्या वहीतून: कोणतं बीज, कधी, किती. दुसरी न सोडता आलेल्या माशांची: मरळ, शिवडा, मांगूर, शिंगी, वाम, झिंगे आणि बारके मासे. ही दुसरी यादी लांब असेल तर वरून नाला आणि खालून सांडवा अजून जिवंत आहेत. यादी आखूड असेल तर टप्पा ३ कडे परत जा, कारण तिथे सापडेल.

यादी करताना स्थानिक नावंच लिहा. एकाच माशाला दोन गावांत दोन नावं असतात, म्हणून प्रत्येकाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुस्तकातलं नाव नंतर लावता येतं. गावचं नाव एकदा सुटलं की सुटलं.

सावधान: ‘मांगूर आहे’ एवढंच लिहू नका. देशी मांगूर आणि बंदी असलेला थाई मांगूर यांत फरक करा, फोटो जाणकाराला दाखवा. तिलापी दिसली तर ती कधीपासून, हेही विचारा.

वनस्पतींसाठी तलावाचे तीन पट्टे करा. काठाचा उथळ पट्टा, जिथे देवधान (रानटी धान) आणि गवतं येतात. मधला, कमळ-शिंगाड्याचा. खोल पाण्याचा, जिथे पाण्याखाली हायड्रिलासारख्या वनस्पती असतात. बांबूनं खोली मोजत काठापासून आत जा. उथळ पट्टा किती मीटर रुंद, हा आकडा सोन्यासारखा जपा. मासे तिथे वाढतात, पक्षी तिथे उतरतात, आणि गोंदियाकडे सारसही अशाच उथळ पाण्यात दिसतो. गाळ काढताना पहिला घाला त्याच पट्ट्यावर पडतो. यंत्र काठाशीच उभं राहतं, काठ खडा होतो, तलाव बादलीसारखा दिसू लागतो. पाळीच्या पायथ्याशी खोल खणलं तर तळाचा चिकण मातीचा थर फाटून पाणी पाळीखालून निसटू लागतं.

काठावर बेशरम (हे झपाट्यानं पसरणारं झुडूप) माजली असेल तर किती भागात ते नोंदवा. शिंगाड्यासाठी तलाव दिला जातो का, कीटकनाशक मारतात का, हेही.

## टप्पा ५: माणसं

आता विचारा. कागद आणि पाळ पाहून झाल्यावर तुम्हाला प्रश्न तरी नेमके सुचतील.

‘तलाव किती जुना?’ हा प्रश्न टाळा. त्याऐवजी: तुडुम कोण उघडायचं आणि त्याला वर्षाला धान किती मिळायचं? पाण्यावरून भांडण झालं की कुणाकडे जायचे? मासेमारीचा दिवस ठरलेला होता का, मासे कसे वाटायचे? पाळ कधी फुटली होती? लग्नाच्या वर्षाला, कुणाच्या जन्माला, मोठ्या पुराला जोडून वर्षं विचारा. लोकांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतो.

कमीत कमी चार घरी जा: जुन्या मालगुजाराच्या वा पाटलाच्या, एका कोहळी शेतकऱ्याच्या, ढिवरांच्या, आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्याच्या. फक्त पहिल्या घरी बसून लिहिलेला तलावाचा इतिहास हा त्या घराचा इतिहास असतो. ढिवरांच्या घरी बायकांनाही विचारा. गाळातून शिंगाडा आणि कमळकंद कुणी काढला, बाजारात मासे कुणी विकले, ते त्यांनाच माहीत.

कोणी एक जण सांगतो ते ‘ऐकलं’. वेगवेगळ्या घरच्या दोघांनी, एकमेकांसमोर नसताना, तेच सांगितलं तर शेजारी एक खूण करा.

## टप्पा ६: निष्कर्ष आणि पुढचा अर्ज

वयाबद्दल एकच वाक्य लिहा, आणि त्याच्या मागे एक कागद, पाळीवरची एक खूण आणि दोन घरांची साक्ष असू द्या. तिन्ही जुळत नसतील तर ‘बंदोबस्ताच्या अमुक वर्षाच्या नकाशात आहे, त्याआधीचं लोक सांगतात’ एवढ्यावर थांबा. ‘गोंडकालीन’ हा शब्द पुराव्याशिवाय वापरला की पुढचा अधिकारी बाकीची पानंही उलटत नाही.

अर्ज कुठे करायचा, यातही चूक होते. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत, त्यामुळे मामा तलावाचा अर्ज त्या दारात अडकण्याची शक्यता मोठी. गावाकडे तीन जवळच्या वाटा आहेत. लोक जैवविविधता नोंदवहीत तपशील घालणं, ही पहिली आणि सर्वात सोपी. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळाचा प्रस्ताव, ही लांबची. आणि जिथे वनहक्क कायदा २००६ लागू होतो, तिथे कलम ३(१) खाली निस्तार आणि जलाशयातल्या माशांवरचा सामूहिक हक्क. या तिसऱ्या वाटेवर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या प्रमाणित नकला लागतील. टप्पा १ मध्ये नुसता मोबाइलवर फोटो काढून आला असाल तर पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये जावं लागेल. नकलेचा अर्ज पहिल्याच फेरीत देऊन या.

१०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. गाळ काढायचा ठराव होण्याआधी तुमच्या वहीतला उथळ पट्ट्याचा आकडा आणि सांडव्याचं माप तिथल्या लघुपाटबंधारे विभागात लेखी द्या, पोच घ्या. यंत्र काठावर आल्यावर वही दाखवून उपयोग नाही. चालक वही वाचत नाही, तो आखलेल्या चुन्याच्या रेघेवर खणतो.